वाचकांचे प्रश्न : काकतीय रुद्रमदेवी आणि मलकापुरमचा शिलालेख

मागील एका अंकात देवगिरीच्या यादवांविषयी मजकूर आला होता. त्याच्या अनुषंगाने यादवांच्या समकालीन असलेल्या ओरुगल्लूच्या, म्हणजे आजच्या वरंगळच्या, काकतीय रुद्रमदेवीविषयी तीन वाचकांनी विचारणा केली आहे. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे तिन्हींची उत्तरे याच अंकात एकत्र देत आहोत.

प्रश्न : हेमाद्रीच्या प्रशस्तीत असे म्हटले आहे की महादेव यादवाने तेलंगणच्या रुद्रमेला केवळ स्त्री म्हणून सोडून दिले. माझे एक तेलुगू स्नेही मात्र सांगतात की रुद्रमदेवीनेच यादवांच्या सैन्याला देवगिरीपर्यंत पिटाळून लावले होते. यातले खरे काय मानावे?

उत्तर : हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, हा महादेव आणि रामचंद्र या दोन्ही यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राजदप्तराचा प्रमुख, होता. ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडाच्या आरंभी त्याने आपल्या धन्याच्या कुळाची प्रशस्ती गायिली आहे. स्त्री, बालक आणि शरणागत यांच्यावर महादेव शस्त्र उचलत नाही, हे जाणूनच आंध्रांनी एका स्त्रीला गादीवर बसवले आणि माळव्याने एका बालकाला, असा त्या प्रशस्तीतील आशय आहे. धन्याच्या औदार्याचे वर्णन म्हणून ते सुंदर आहे, परंतु कालक्रमाशी ताडून पाहिले की ते टिकत नाही. महादेव गादीवर आला तो १२६०-६१ च्या सुमारास. रुद्रमदेवी मात्र १२५९-६० पासूनच पित्याबरोबर, गणपतिदेवाबरोबर, राज्यकारभार पाहत होती आणि २५ मार्च १२६१ रोजी तिने दिलेल्या दानाचा लेख आजही उभा आहे. महादेवाचे ‘स्त्रीवर शस्त्र न उचलण्याचे व्रत’ आंध्रदेशी ठाऊक होण्याइतकी त्याची कारकीर्दच तोवर झालेली नव्हती. तिला गादीवर बसवण्याचे खरे कारण ओरुगल्लूमध्येच शोधावे लागते. गणपतिदेवाला पुत्र नव्हता, दोन कन्या होत्या, आणि त्याने आपल्या ज्येष्ठ कन्येला वारस ठरवले.

तेलुगूतील ‘प्रतापचरित्र’ ही परंपरा दुसऱ्या टोकाची आहे. यादवांनी ओरुगल्लूला वेढा घातला, राणीने पंधरा दिवस झुंज देऊन त्यांना हटवले, देवगिरीपर्यंत पाठलाग केला आणि एक कोटीची खंडणी वसूल केली, असे ती सांगते. कोटीचा आकडा आणि देवगिरीपर्यंतचा पाठलाग यांकडे आपण सावधपणेच पाहावे. परंतु युद्धात काकतीयांची सरशी झाली असावी, असे मानण्यास शिलालेखांचा आधार आहे. बीदरच्या किल्ल्यात सापडलेला एक खंडित कन्नड लेख रुद्रमदेवीच्या पदरी असलेल्या, सिंद घराण्यातील भैरव नावाच्या सेनानीचा उल्लेख करतो. बीदर हा यादवांच्या बाजूचा प्रदेश आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या तुटक लेखाचे मोल कळते. शिवाय १२६७ मध्ये पानुगल्लू येथील छायासोमनाथाच्या मंदिराला दान देणारा शार्ङ्गपाणिदेव हा यादव कुळातील पुरुष स्वतःला काकतीय रुद्रदेवाचा मांडलिक म्हणवतो. हा रुद्रदेव कोण, याचा खुलासा तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात येईल. येथे इतकेच सांगतो की ती रुद्रमदेवीच होय. ज्या राणीला दया म्हणून जीवदान मिळाले, तिच्याच पदरी जेत्याच्या कुळातला माणूस मांडलिक म्हणून राहील, हे संभवत नाही.

या दोन घराण्यांचा व्यवहार त्याआधीचा आहे, आणि तो मराठी वाचकांनी जाणून घ्यावा असा आहे. यादव जैत्रपालाने काकतीयांचा पराभव केला तेव्हा तरुण गणपतिदेव देवगिरीच्या कैदेत पडला होता. पुढे ११९९ च्या सुमारास त्याच जैत्रपालाने त्याला मुक्त करून ओरुगल्लूच्या गादीवर बसवले. म्हणजे रुद्रमदेवीच्या पित्याचे राज्य देवगिरीच्या कृपेने सुरू झाले होते आणि कन्येच्या काळात देवगिरीच्या कुळातला एक पुरुष ओरुगल्लूच्या आश्रयाला आला. हेमाद्रीच्या श्लोकातील औदार्याच्या मागे ही बदललेली परिस्थिती असावी, असे मला वाटते.

प्रश्न : रुद्रमदेवीने १२६१ साली विद्यापीठ, रुग्णालय आणि प्रसूतिगृह उभारले, असा मजकूर सर्वत्र फिरत असतो. याला काही आधार आहे का? ते दान मुळात तिच्या वडिलांचे होते, असेही एका ठिकाणी वाचले. तसे असल्यास विद्येला आश्रय देणारी राणी असे तिला म्हणणे कितपत योग्य?

उत्तर : आधार आहे आणि तो दगडावर कोरलेला आहे. आंध्र प्रदेशातील गुंटूर परिसरात, कृष्णेच्या दक्षिण तीराजवळ, मलकापुरम नावाचे गाव आहे; आपल्याकडील मलकापुराशी त्याचा संबंध नाही. तेथील दगडी स्तंभावर संस्कृत आणि तेलुगू भाषांत हा लेख आहे. शके ११८३, दुर्मती संवत्सर, चैत्र वद्य अष्टमी, शुक्रवार ही त्याची तिथी म्हणजेच वर सांगितलेली २५ मार्च १२६१ होय. दान घेणारा आचार्य विश्वेश्वर शंभू हा मूळचा गौड देशातील दक्षिण राढेचा, म्हणजे आजच्या बंगालचा, आणि गणपतिदेवाचा दीक्षागुरू. त्याची गुरुपरंपरा गोळकी मठाची. या मठाचा उगम नर्मदेच्या परिसरातील डाहल देशात झाला आणि कलचुरी राजा युवराजदेवाने या परंपरेतील सद्भावशंभूला तीन लक्ष गावे दिली, असे लेख सांगतो. सोमशंभू या नावाचा जो आचार्य शैव कर्मकांडावरील पद्धतिग्रंथामुळे आजही अभ्यासकांना परिचित आहे, तो याच परंपरेतला.

आता दान कोणाचे, हा आपला प्रश्न. मंदर हे गाव गुरूला देण्याचे गणपतिदेवाने ठरवले होते, हे लेखात स्पष्ट आहे. परंतु ते विधिपूर्वक प्रत्यक्ष दिले रुद्रमदेवीने, आणि त्यासोबत वेलगपुडी हे गाव तिने जोडले. पित्याचा संकल्प आणि कन्येची पूर्तता अशी ही विभागणी आहे. केवळ पित्याचे म्हणून सारे श्रेय तिकडे टाकणे जितके चुकीचे, तितकेच पित्याचे नाव वगळून सर्व काही राणीने केले असे सांगणेही चुकीचे आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. राज्यावर नुकतीच आलेली, तमिळ प्रदेशातील पांड्य राजांच्या स्वारीचे सावट दक्षिणेकडून पसरत असताना कारभार हाती घेणारी स्त्री आपल्या नावाने जे पहिले मोठे दान कोरवते, ते अशा संस्थेला आहे जिच्यातील प्रत्येक काम करणाऱ्या माणसाची नोंद घेतलेली आहे. थोड्याच काळात मुत्तुकूरच्या लढाईत जटावर्मन सुंदर पांड्याने काकतीयांचा पराभव केला आणि नेल्लूरकडील भाग हातचा गेला. अशा दिवसांत राजे किल्ल्यांवर आणि सैन्यावर खर्च करतात, आणि तिनेही तो केलाच. पित्याने आरंभलेला ओरुगल्लूचा दगडी कोट तिने उंच केला आणि त्याभोवती मातीचा दुसरा कोट आणि खंदक घातला. मलकापुरमचे दान या खर्चाच्या बरोबरीने झाले आहे.

लेखात विश्वेश्वर शंभूने या उत्पन्नातून उभारलेल्या संस्थेची जी व्यवस्था दिली आहे, ती सावकाश वाचण्यासारखी आहे. विश्वेश्वरगोळकी असे नाव देऊन त्याने नवे गाव वसवले, तेथे शिवाचे मंदिर बांधले, साठ ब्राह्मण कुटुंबे बसवली आणि शुद्ध शैव मठ, अन्नसत्र, प्रसूतिशाला आणि आरोग्यशाला यांची तरतूद केली. अन्नसत्र ब्राह्मणापासून चांडाळापर्यंत सर्वांसाठी खुले असावे, असे तो सांगतो. ऋग्वेद, यजुर्वेद आणि सामवेद शिकवण्यासाठी तीन अध्यापक आणि पद, वाक्य, प्रमाण, साहित्य आणि आगम (शैवांचे धर्मग्रंथ) यांसाठी पाच, असे आठ अध्यापक नेमले. ‘पदवाक्यप्रमाणज्ञ’ हे विशेषण आपण भवभूतीच्या नावामागे वाचलेले असते. त्यातील पद म्हणजे व्याकरण, वाक्य म्हणजे मीमांसा आणि प्रमाण म्हणजे न्याय. तेव्हा या एका ओळीत त्या काळच्या उच्च शिक्षणाचा जवळजवळ सारा अभ्यासक्रम आलेला आहे. त्यांच्यापाठोपाठ एक वैद्य आणि हिशेब व नोंदी ठेवणारा एक कायस्थ यांची नेमणूक आहे.

यापुढची यादी आणखी लांब आहे. मंदिरातील नर्तकी, गायिका, मर्दल हे मृदंगासारखे वाद्य वाजवणारे, त्यांच्याबरोबर एक काश्मीरदेशीय, स्वयंपाकी, सेवक, गावाचे रक्षण करणारे वीरभद्र आणि मग सोनार, तांबट, गवंडी, लोहार, कुंभार, न्हावी असे गावगाड्याला लागणारे कारागीर. या सर्वांचा योगक्षेम जमिनीच्या उत्पन्नातून चालेल, अशी सोय आहे. जमीन मोजण्याचे तेथील माप पुट्टी, आणि कोणाला किती पुट्टी हे ठरलेले आहे. बंगालातून आलेला आचार्य, काश्मीरकडचा कलावंत, नर्मदेकाठची गुरुपरंपरा आणि कृष्णेकाठची शेती यांचा असा मेळ तेराव्या शतकात एका गावात झाला होता, याचे मला आजही नवल वाटते.

या लेखातील माझ्या विशेष आवडीची तरतूद मात्र वेगळी आहे. मठाचा प्रमुख आपले कर्तव्य सोडून वागला, तर शैव समुदायाने त्याच्या जागी दुसरा योग्य आचार्य नेमावा, अशी मुभा लेखात आहे. दान देताना पुढील पिढ्यांतील अधिकाऱ्याच्या गैरवर्तनाचा विचार करून ठेवणे, हे संस्था चालवण्याची समज असल्याशिवाय सुचत नाही. ही समज प्रामुख्याने विश्वेश्वर शंभूची आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु राजसत्तेने दोन गावांचे उत्पन्न त्याच्या स्वाधीन करून आपल्या नावाने ते दगडावर कोरवले, म्हणजे त्या व्यवस्थेमागे आपला अधिकार उभा केला. राजाश्रयाचा अर्थ मी असा समजतो.

‘विद्यापीठ’ हा शब्द तेवढा आपण जपून वापरावा. लेखात मठ आहे, विद्यामंडप आहे, अध्यापक आहेत. पदव्या देणारी आणि हजारो विद्यार्थ्यांची संस्था त्यात नाही. ‘मोफत रुग्णालय’ ही शब्दयोजनाही आजची आहे. एक वैद्य, आरोग्यशाला आणि प्रसूतिशाला यांची कायमस्वरूपी तरतूद एका गावाच्या दानपत्रात असणे, हेच इतके मोठे आहे की त्याला फुगवून सांगण्याची गरज पडू नये. तुलना करायची तर आपल्याच भूमीतील पाटणच्या शिलालेखाशी करावी. चाळीसगावजवळच्या त्या तेराव्या शतकाच्या आरंभीच्या लेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, यादवांचा ज्योतिषी चांगदेव याने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिल्याची आणि त्याला निकुंभ घराण्यातील सोइदेवाने दान दिल्याची नोंद आहे. तेथे एका कुळाची विद्या जपण्याचा हेतू आहे, तर मलकापुरमला वेदांपासून वैद्यकापर्यंत अनेक विद्या एका छपराखाली आणण्याचा. दोन्ही लेखांत विद्येसाठी उत्पन्न लावून दिलेले आहे, आणि दोन्ही लेख सुमारे अर्धशतकाच्या अंतराने, एकमेकांशी कधी लढणाऱ्या तर कधी सोयरीक सांगणाऱ्या राजसत्तांच्या छायेत कोरले गेले आहेत.

विद्येला आश्रय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दरबारातील कवी येतो. गणपतिदेवाच्या काळात त्याचा गजसेनापती जायप याने १२५३-५४ मध्ये ‘नृत्तरत्नावली’ हा नृत्यशास्त्रावरील संस्कृत ग्रंथ लिहिला. रुद्रमदेवीचा नातू प्रतापरुद्र याच्या पदरी विद्यानाथ होता. त्याच्या ‘प्रतापरुद्रीय’ या अलंकारग्रंथावर कालिदासाचा टीकाकार मल्लिनाथ याचा पुत्र कुमारस्वामी याने टीका लिहिली आणि दक्षिणेत तो ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकासारखा वापरला गेला. पिता आणि नातू यांच्या अशा प्रसिद्ध ग्रंथांमध्ये रुद्रमदेवीची कारकीर्द झाकोळून जाते, आणि म्हणूनच ती केवळ लढवय्यी राणी म्हणून रंगवली जाते. तिचा विद्येशी असलेला संबंध काव्यसंग्रहात न शोधता मलकापुरमच्या स्तंभावर शोधावा, असे माझे आपणास सांगणे आहे. कवीला दिलेली देणगी कवीबरोबर संपते. आठ अध्यापकांना लावून दिलेली जमीन त्यांच्यानंतरच्या अध्यापकांनाही पुरते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. या दानातील वेलगपुडी हे गाव आज आंध्र प्रदेशच्या सचिवालयाचे आणि विधानसभेचे ठिकाण आहे, आणि मंदर म्हणजेच त्याच्या शेजारचे मंदडम. अमरावती परिसरात जाण्याचा योग आला तर मलकापुरम तेथून दूर नाही.

प्रश्न : मार्को पोलो रुद्रमदेवीला राजाची विधवा म्हणतो, काही पुस्तकांत ती राजकन्या आहे आणि शिलालेखांत तर ‘महाराज’ हा पुरुषवाचक शब्द येतो. तिचे विवाहित जीवन आणि तिचा शेवट यांविषयीही दोन शब्द लिहावेत.

उत्तर : मार्को पोलोच्या वृत्तांतात मोटुपल्ली बंदराचे वर्णन ‘मुतफिली’ या नावाने येते. तेथील हिरे आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम वस्त्र यांचे त्याला फार कौतुक आहे, आणि तेथील राणी न्याय, समता व शांती यांची चाहती असल्याचेही तो सांगतो. तिच्या राज्यकारभाराविषयीची ही लोकवार्ता त्याच्या कानी आली, परंतु नाते सांगताना ऐकणाऱ्याची गफलत झाली. ती गणपतिदेवाची पत्नी नसून कन्या होती, हे शिलालेखांवरून निःसंशय ठरते. तिचा विवाह निडदवोलूच्या चालुक्य घराण्यातील वीरभद्र याच्याशी झाला होता आणि तिला कन्याच होत्या. त्यांपैकी मुम्मडम्मा हिचा पुत्र प्रतापरुद्र, त्याला तिने दत्तक घेऊन आपला वारस केले. तिची बहीण गणपांबा हीही विचारात घ्यावी अशी स्त्री आहे. कोट घराण्यातील बेत हा तिचा पती निवर्तल्यावर तिने धरणीकोटच्या परिसरात राज्य केले. एकाच पित्याच्या दोन कन्या एकाच काळी राज्यकर्त्या होत्या, हे गणपतिदेवाच्या विचारांविषयी बरेच काही सांगते.

‘महाराज’ या शब्दाविषयी म्हणाल तर तो कोरक्याचा प्रमाद नाही. अनेक लेखांत तिचे नाव ‘रुद्रदेव महाराज’ असेच येते आणि पित्याने तिला पुत्राप्रमाणे मानून रुद्र हे नाव दिले, असे विद्यानाथ सांगतो. वर उल्लेखिलेल्या पानुगल्लूच्या लेखातील रुद्रदेव तो हाच. राज्यपद पुरुषाच्या नावाने चालण्याची रीत असल्यामुळे तिने ते नाव धारण केले, हे उघड आहे. त्यावरून ती नामधारी होती, असा निष्कर्ष मात्र काढू नये. मलकापुरमच्या लेखात ती गणपतिदेवाची कन्या म्हणून येते आणि दानही देते, म्हणजे दोन्ही ओळखी तिच्याजवळ एकत्र नांदत होत्या. आपल्या लेखनात रुद्रमदेवी हे नाव वापरावे आणि लेखांचा संदर्भ देताना मूळचे रुद्रदेव महाराज तसेच ठेवावे, अशी माझी सूचना आहे.

तिच्या शेवटाची नोंद एका छोट्या गावच्या लेखात आहे. कायस्थ कुळातील अंबदेव हा तिचा बलाढ्य मांडलिक बंड करून उठला होता आणि त्याला आवरण्यासाठी सेनापती मल्लिकार्जुन नायक याच्याबरोबर ती वृद्धापकाळी मोहिमेवर निघाली असावी. नलगोंडा परिसरातील चंदुपट्ल येथे २७ नोव्हेंबर १२८९ रोजी पुव्वुल मुम्मडी या, मल्लिकार्जुनाच्या पदरी असलेल्या सेवकाने, सोमनाथ देवाला जमीन दिली. हे दान राणी रुद्रमदेवी आणि आपला धनी मल्लिकार्जुन या दोघांना पुण्य लाभावे म्हणून, ते शिवलोकी गेल्यानंतर, दिलेले आहे. राज्याच्या कोणत्याही मोठ्या प्रशस्तीत तिच्या मृत्यूची अशी दिनांकित नोंद मिळत नाही. ती मिळते एका सेनानीच्या सेवकाने, आपल्या ऐपतीप्रमाणे दिलेल्या थोड्याशा जमिनीच्या लेखात.